काथवटीभोवतीचा कायदा

प्रारंभीच एक खुलासा नोंदवून ठेवतो, कारण ही हकीकत मी ज्याला ज्याला सांगू लागतो तो पहिल्याच वाक्याला मला अडवतो. ओमानात कोणाच्याही घरी गेले की खजुराबरोबर वेलदोड्याची जी कहवा नावाची बिनदुधाची कॉफी मिळते, तिचा या लेखाशी काडीमात्र संबंध नाही. हा लेख प्रशांत महासागरातल्या टोंगा बेटांवरील एका मुळाविषयी आहे. ते मूळ कुटून, पाण्यात कोळून केलेल्या कावा नावाच्या पेयाविषयी आहे. आणि ओमानातल्या अल हैलमधल्या एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर मालवणकडच्या एका गृहस्थाने त्या पेयाच्या नावाने जे राज्य चालवले, त्याविषयी आहे. इतके स्पष्टीकरण पुरेसे आहे असे माझे मत आहे. ज्यांना पुरेसे वाटत नसेल त्यांनी लेखी कळवावे.

त्या गृहस्थांना सगळे सारंग म्हणत. हे त्यांचे नाव नव्हे. जहाजाच्या डेकवर काम करणाऱ्या खलाशांचा जो मुकादम असतो, त्याला सारंग म्हणतात. समुद्र सोडून त्यांना दहा वर्षे होऊन गेली होती आणि बौशरमधल्या एका कंपनीच्या गोदामात ते दोर, साखळ्या आणि रंगाचे डबे सांभाळत होते. तथापि मनाने ते जहाजावरून उतरलेच नव्हते. स्वयंपाकघराला ते गॅली म्हणत आणि जिन्याला शिडी. रोज पहाटे गच्चीवर जाऊन वारा पाहून येत आणि खाली उतरताना प्रत्येक दारावर थाप मारून बातमी देत, "ईशान्येचो वारो. समुद्र शांत. उठा!" आमच्या घरात न्हावी, वातानुकूलन यंत्रांचा मेकॅनिक आणि करार विभागातला मी असे लोक राहत होतो. समुद्र शांत असल्याचा आमच्यापैकी कोणालाही उपयोग नव्हता. सुट्टीच्या दिवशीही तो शांतच असायचा आणि आम्हाला उठवायचा. या प्रकाराविरुद्ध मी तीन पत्रे दिली. सारंगांनी ती लोणच्याच्या बरण्यांवर झाकण म्हणून बांधली.

पत्रे मी सर्वांनाच देत असे. डाळीच्या पाकिटावरचे वजन आणि आतले वजन यांत तफावत निघाली की पत्र. गच्चीवरच्या टाकीचे झाकण उघडे राहिले की पत्र. कायद्याची पदवी मी सांगलीत घेतली, वकिली मात्र केली नाही. एका बांधकाम कंपनीत करारांचे मसुदे तपासण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. त्यामुळे जे न्यायालयात बोलायचे राहून गेले ते मी कागदावर बोलतो. प्रत्येक पत्राच्या डाव्या बाजूला लाल पेन्सिलीने समास आखतो. संगणकावर छापलेल्या कागदावरही आखतो. परिच्छेदांना क्रमांक देतो आणि खाली पूर्ण सही करतो. निनावी पत्र लिहिणारा मनुष्य कोणत्याही आदरास पात्र नाही, हे माझे मत मी त्या घरातल्या प्रत्येकाला कधी ना कधी ऐकवले होते. हे मत ध्यानात ठेवावे; पुढे त्याची गरज पडणार आहे.

सारंगांच्या खोलीत एक खाट, एक ट्रंक, लोणच्याच्या बरण्या, कोरफडीची एक कुंडी आणि एक लाकडी पात्र होते. पात्र चार पायांचे, उथळ, भाकरीचे पीठ मळायच्या काथवटीसारखे. म्हणून आम्ही त्याला काथवटच म्हणत असू. कित्येक वर्षांनी ते कायमचे गावी परतले, तेव्हा ही काथवट सामानात टाकायला त्यांनी साफ नकार दिला आणि ती लेकरासारखी छातीशी धरून ते विमानतळावर गेले. त्यांच्या खिशात माझे पत्र होते. "प्रस्तुत वस्तू गृहोपयोगी लाकडी पात्र असून तिच्या चार पायांपैकी एक पाय पूर्वीपासूनच आखूड आहे," असे मी त्यात नमूद केले होते. ते पत्र तेथे कोणी मागितलेच नाही, याची मला आजही खंत वाटते.

पण हे सगळे नंतरचे. त्या काथवटीभोवती दर शुक्रवारी दुपारी चार वाजता जे घडत असे, ते आधी सांगायला हवे.

खोलीत प्लॅस्टिकची निळी चटई अंथरली जाई. सारंग भिंतीला पाठ लावून मधोमध बसत. इतरांनी दोन्ही बाजूंनी गोल धरून बसायचे. काथवट समोरच्या टोकाला; तिच्यामागे न्हावी बसून तांबूस-करड्या रंगाचे गढूळ पाणी ढवळी आणि नारळाच्या करवंटीत भरी. पहिली करवंटी सर्वांना पोचेपर्यंत कोणी बोलायचे नाही. ज्याची पाळी असेल त्याच्या नावाचा पुकारा व्हायचा. त्याने दोनदा टाळी वाजवून आपण कोठे बसलो आहोत ते कळवायचे, मग करवंटी त्याच्याकडे जायची आणि त्याने ती एका दमात रिकामी करायची. पुकारा खऱ्या नावाने होत नसे. "थयसर, टोंगात, माणूस सभेत बसलो काय तेका पदवीन हाक मारतत," असे सांगून सारंगांनी सर्वांना जहाजी पदव्या वाटल्या होत्या. मेकॅनिक 'शीड' होता, कारण वाऱ्याशी त्याचा संबंध. न्हावी 'सुकाणू' होता, कारण त्याने मान वळवली की वळवावीच लागे.

"पण हे सगळे आले कोठून?" असे मी पहिल्याच शुक्रवारी विचारले. कोणत्याही प्रथेचा उगम तपासल्याखेरीज तिला मान्यता देणे मला जमत नाही.

"दुकाळातसून," सारंग म्हणाले. "एक बेट होता. थयसर घोव-बायल आणि तेंचा एक आजारी चेडू. एक दिवस राजा होडयेतून इलो. राजाक जेवण घालूक व्हया. घरात कायच नाय. अळवाचा एकच मोठा झाड होता, आणि राजा नेमको तेकाच टेकान बसलेलो! आता राजाक ऊठ कसा सांगूचा?"

"विनंती अर्ज करता आला असता," मी म्हणालो.

"तुमी नव्हतास ना थय! तेणी काय केल्यानी, चेडवाक मारल्यानी आणि भट्टीत घातल्यानी."

"हा पोटच्या मुलीचा सरळसरळ खून आहे!" मी उभाच राहिलो. "आणि आपण तो साजरा करत आहोत?"

"बसा, वकीलसायब. राजाकय तसाच वाटला. तो जेवलो नाय. रडलो, आणि सांगल्यान, चेडवाक मातयेत पुरा. पुरल्यानी. तेच्या डोक्याकडसून कावा उगवलो आणि पायाकडसून ऊस. मगे इलो एक उंदीर. काव्याचा मूळ कुरतडल्यान आणि लागलो झोकांड्यो खाऊक. उसाक तोंड लावल्यान आणि सरळ चालाक लागलो. तेव्हा लोकांक समाजला, ह्या कित्याक आणि ता कित्याक."

मेकॅनिकला उंदीर फार आवडे. तो दर वेळी त्या ठिकाणी हसे आणि चटईवर दोन बोटांनी उंदराची झोकांडी काढून दाखवी. मला मात्र त्या गोष्टीतला राजा लक्षात राहिला. पुढे मी चौकशी केली तेव्हा कळले, की हे झुडूप मिरवेल आणि नागवेल यांच्याच कुळातले; पान विड्याच्या पानासारखे हृदयाकृती. मूळ दगडावर कुटायचे, पाण्यात कोळायचे, झाडाच्या सालीच्या धाग्यांतून गाळायचे. प्याल्यावर जीभ जड होते आणि अंगात स्वस्थपणा येतो. लग्न असो, मयत असो, नवा प्रमुख गादीवर बसो की दोन घरांतले भांडण मिटायचे असो, काव्यावाचून पान हलत नाही. आपल्याकडे पाहुण्यापुढे विड्याचे तबक सरकवल्याशिवाय बैठक सुरू होत नसे, त्यातलाच हा प्रकार. फक्त त्यांनी पान सोडून मूळ धरले.

सारंग तिकडे पोचले ते नाइलाजाने. त्यांच्या जहाजाचा मालक एके दिवशी नाहीसा झाला. पगार नाही, तेल नाही, आणि जहाज टोंगातल्या एका बेटासमोर नांगर टाकून पडले. सात खलाशी, सव्वा वर्ष. तांदूळ संपले तेव्हा गावकऱ्यांनी सुरणासारखे कंद आणि मासे आणून दिले आणि संध्याकाळच्या गोलात त्यांना जागा दिली. हे सांगताना सारंग मालकाला शिवी देत नसत. मी देत असे. त्या मालकावर कोणत्या बंदरात, कोणत्या कायद्याखाली दावा लावता आला असता, याचे सहा पानी टिपण मी त्यांना करून दिले. तेही बरणीवर गेले.

त्यांच्या तोंडून मी वारंवार ऐकलेली गोष्ट नीरफणसाची.

"तिसऱ्या म्हयन्यात माका भूक आवरली नाय," ते सांगत. "एकाच्या झाडावरचो नीरफणस काढलंय. न विचारता. झाडवाल्यान बघितल्यान. कायएक बोललो नाय. पण दुसऱ्या दिसापासून गावात माझ्याकडे कोणी बघीना. मारला असता तरी चालला असता! मगे एका म्हाताऱ्यान सांगल्यान, फाटकी चटई कमरेक गुंडाळ, गळ्यात पाल्याची माळ घाल, काव्याचा मूळ घे आणि तेच्या दारात मान खाली घालून बस. बसलंय. तो भायर इलो. मूळाक हात लावल्यान. झाला!"

"झाले म्हणजे? जबाब? साक्षीदार? नुकसानभरपाईचा आकडा?"

"मूळाक हात लावलो काय ती गजाल परत काढूची नाय. जो काढीत तो चोर."

मी कायद्याचा माणूस. या हकिकतीत एक भोक होते आणि ते मला सुखाने बसू देईना. "सारंग, तुमच्याजवळ खायला अन्न नव्हते. जमीन नव्हती. मग ते मूळ तुम्ही आणलेत कोठून?"

सारंग हसत, मान डोलवत आणि दोनदा टाळी वाजवून दुसरी करवंटी मागवत. हा प्रश्न मी त्यांना तीन निरनिराळ्या शुक्रवारी विचारला आहे. उत्तर टाळणाऱ्या साक्षीदाराविषयी मनात जी शंका येते ती माझ्या मनात आली: मूळही चोरलेलेच असणार.

आता माझ्याविषयी.

चौथ्या शुक्रवारी सारंगांनी मला आपल्या डाव्या हाताला, अगदी शेजारी बसवले आणि सर्वांसमक्ष पदवी दिली. मला वाटले होते, 'होकायंत्र' मिळेल. निदान 'नांगर' तरी. त्यांनी खाकरून पुकारा केला, "भोंगा!"

न्हावी करवंटी हातात धरून इतका हसला, की निम्मे पाणी चटईवर सांडले. मेकॅनिक म्हणाला, "काका, खरंच हो! सकाळी सारंगांचा वारा, आणि दिवसभर तुमचा भोंगा!"

मी टाळी वाजवली नाही. उठलो आणि खोलीत जाऊन दार लावून घेतले. ज्या माणसाने जन्मभर लेखी, मुद्देसूद आणि क्रमांकित बोलण्याचा आग्रह धरला, त्याला जहाजाचा भोंगा म्हणावे? त्या रागात मी जे केले ते आता लिहितो.

मी घरमालकांना पत्र लिहिले. मालक म्हणजे खाबुरा गावचे वयोवृद्ध ओमानी गृहस्थ. तेथे त्यांची खजुराची आणि लिंबाची बाग. तरुणपणी व्यापारानिमित्त मुंबईला जाऊन-येऊन त्यांनी हिंदी उचललेली. त्यांना सगळे अर्बाब, म्हणजे धनी, म्हणत. पत्राचा आशय असा: सदर घराच्या वरच्या मजल्यावर दर शुक्रवारी अज्ञात स्वरूपाच्या गढूळ द्रवाचे सामुदायिक प्राशन होते, परदेशी वर्णनांनुसार हे पेय गुंगी आणणारे आहे, असे कृत्य या देशात सहन केले जाण्याजोगे नसल्याने मालकांवरही जबाबदारी येऊ शकते, सबब योग्य ती कार्यवाही व्हावी. एकूण नऊ परिच्छेद. खाली सही नव्हती. "एक कायदाप्रेमी रहिवासी" एवढेच होते.

माझ्या हातून लिहिले गेलेले ते एकमेव निनावी पत्र.

अर्बाब सोमवारी आले. सारंगांच्या हाती त्यांनी तो कागद दिला आणि सभ्यपणे सांगितले, की नशेचे नाव आले म्हटल्यावर आपल्याला कानांवर हात ठेवता येत नाही. शुक्रवारपर्यंत लेखी उत्तर मिळाले नाही तर खोली रिकामी करावी लागेल आणि का केली हे सारंगांच्या कंपनीलाही सांगावे लागेल. याचा अर्थ घरात सर्वांना कळत होता. सारंगांनी साठी ओलांडलेली. त्या वयाच्या माणसाचा व्हिसा कंपनी दर वेळी दहादा विचार करून वाढवते, आणि त्यांच्या व्हिसाची मुदत त्याच महिन्यात संपत होती. असा एक कागद कंपनीत पोचला असता तर त्यांना परत पाठवण्यासाठी दुसरे कारण शोधावे लागले नसते.

हा परिणाम मला अभिप्रेत होता का? नव्हता. मी लिहिले होते का? लिहिले होते. हे दोन्ही मी येथे नमूद करतो.

त्याच संध्याकाळी सारंग माझ्या दारात उभे राहिले. हातात माझेच पत्र.

"वकीलसायब, जबाब लिवूचो आसा."

"माझ्याकडून?"

"मगे कोणाकडसून? थयसर प्रमुख माणूस सभेत स्वतः तोंड उघडीत नाय. तेच्या बाजूक एक माणूस बसता, तो तेच्या वतीन बोलता. मोठो मान तेचो. तो बोललो काय प्रमुख बोललो. माका बोलूक येणा नाय, लिवूक येणा नाय, म्हणान तुमका बाजूक बसवलंय आणि तुमका जहाजाच्या आवाजाचा नाव दिलंय. तुमी उठान गेलास."

मी चष्मा पुसला. पुसण्यासारखे त्यावर काही नव्हते.

"हो कागद वाचा आधी," ते म्हणाले. मी माझेच नऊ परिच्छेद प्रथमच पाहत असल्यासारखे वाचले. कागदाच्या डाव्या बाजूला लाल समास होता. तो समास त्या क्षणी मला दिसला नाही, इतकी मला त्याची सवय होती.

"लिवणारो शिकलेलो दिसता," सारंग म्हणाले.

"भाषा बरी आहे," मी म्हणालो. "परिच्छेद पाच मात्र कच्चा आहे."

आणि मी बसलो. कोणताही पक्षकार समोर आला की त्याची बाजू लढवायची, एवढेच मला येते. मी म्हणालो, "प्रथम वस्तुस्थिती. त्या काथवटीत नेमके काय असते? मूळ किती, पाणी किती, अचूक सांगा."

"नाचणी."

"काय?"

सारंगांनी आपल्या खोलीतून डबा आणला. नाचणीचे पीठ. बहीण गावाहून कोणाबरोबर तरी पाठवते. ते पाण्यात पातळ शिजवायचे, मीठ घालायचे, निववायचे. दिसायला हुबेहूब तिकडच्यासारखे.

"आणि कावा?"

"ता हय पिऊचा नाय. ज्या मुलखात रवतो तेचो कायदो आधी. माका हयचो कायदो वाचूक येणा नाय, म्हणान जा माहीत नाय ता तोंडाक लावूचा नाय. माझ्याकडे एकच मूळ आसा, सुकलेला, थयसून आणलेला. ता पिऊसाठी नाय."

येथे मला आणखी एक गोष्ट मान्य करणे भाग आहे. तीन शुक्रवार त्या गोलात बसूनही मी एकदाही प्यालो नव्हतो. करवंटी ओठांना लावायची आणि नजर चुकवून शेजारच्या कुंडीतल्या कोरफडीला घालायची, असा माझा क्रम होता. ज्या द्रवावर मी नऊ परिच्छेद लिहिले त्याचा एक थेंबही मी चाखलेला नव्हता. त्या कोरफडीने अल्पावधीत जे बाळसे धरले होते, त्यावरून तरी मला शंका यायला हवी होती.

त्या रात्री जेवणापूर्वी मी अकरा परिच्छेदांचे उत्तर तयार केले. इतके निर्दय उत्तर मी कोणालाही दिलेले नाही. "तक्रारदाराने सदर द्रवाची चव घेतल्याचे कोठेही म्हटलेले नाही. सबब त्याची तक्रार ही ऐकीव, आकसपूर्ण आणि बेजबाबदार आहे." "तक्रारदारास आपले नाव देण्याचे धैर्य झालेले नाही, यावरून त्याची योग्यता काय ती दिसून येते." लिहिताना मी रागात होतो, पण राग कोणाचा? मसुदा वाचून दाखवला तेव्हा सारंग म्हणाले, "माणसाक जरा जास्तच लागतला, वकीलसायब." मी म्हणालो, "लागू द्या."

शुक्रवारी चारच्या सुमाराला, नमाज आटोपून अर्बाब आले. अंगात पांढराशुभ्र पायघोळ दिश्दाशा, हातात काठी, बरोबर बागेतल्या लिंबांची पिशवी. निळ्या चटईवर सारंगांसमोर त्यांना मानाची जागा दिली. मी माझ्या जागी, सारंगांच्या डाव्या हाताला बसलो आणि उत्तर वाचले. इंग्रजीतून वाचले, हिंदीतून समजावले. अर्बाबनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि काथवटीकडे बोट केले.

"यल्ला, मुझे पिलाओ."

न्हाव्याने करवंटी भरून दिली. अर्बाबनी एक घोट घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते पाहून मेकॅनिकने तोंडात रुमाल कोंबला.

"इसमें नशा?" अर्बाब म्हणाले. "इसमें तो चीनी भी नहीं है!"

सगळे हसले. अर्बाबही हसले. "खलास. सारंग, तुम इधर ही रहेगा. कंपनी को कुछ नहीं बोलेगा मैं." मग त्यांनी सारंगांकडून तक्रारीचा कागद मागून घेतला आणि त्यांचा आवाज बदलला. "लेकिन ये कागज? ये कौन लिखा? बूढ़े आदमी का रोटी पर लात मारता है, और नाम भी नहीं लिखता. वो आदमी रूम खाली करे. मेरे घर में झूठा आदमी नहीं रहेगा."

न्हाव्याने काथवटीत पाहिले. मेकॅनिक चटईचा कोपरा उचकटू लागला. कोणी माझ्याकडे बघेना. तेव्हा अर्बाबच्या हातातल्या कागदावरचा लाल समास मला दिसला. माझ्या हातातल्या उत्तरावरही तसाच लाल समास होता. त्या घरातल्या प्रत्येक लोणच्याच्या बरणीवर तसाच लाल समास होता.

म्हणजे सोमवारपासून सर्वांना ठाऊक होते. सारंगांना तर कागद हातात आला त्या क्षणीच. आणि तरी तो कागद घेऊन ते माझ्याच दारात आले होते.

मी गप्प राहिलो असतो तर कोणीही एक शब्द काढला नसता. याची मला आजही तेवढीच खात्री आहे.

मी उभा राहिलो. "अर्बाब, वो कागज मैंने लिखा. दोनों मैंने लिखा." आणि खिशातले पेन काढून, त्यांच्या हातातल्या तक्रारीखाली माझी पूर्ण सही केली. "आता कायद्याने जे असेल ते होऊ द्या. मी खोली सोडतो. परंतु सोडण्यापूर्वी मला सारंगांना काही सांगायचे आहे. मुद्दा पहिला..."

"थांबा," सारंग म्हणाले.

ते उठले, ट्रंक उघडली आणि खालच्या कपड्यांतून एक पुरचुंडी काढली. सोडली. आत बोटाबोटांचे, वेडेवाकडे, वाळून लाकूड झालेले एक मूळ होते. ते त्यांनी माझ्या हातांत ठेवले.

"ह्या माझ्याफुडे ठेवा," ते म्हणाले. "मुद्दे नको."

"हे तुमचेच आहे! मी तुम्हाला तुमचीच वस्तू..."

"मगे तुमच्याकडे खंयसून येतला?" सारंग हसत होते. "तीनदा इचारलास ना, मूळ खंयसून आणलास? माझ्याकडे तरी खंय होता? सकाळी त्या म्हाताऱ्यान सांगल्यान मूळ घे, आणि मी रिकाम्या हातान रडत बसलंय. तेव्हा माका मूळ आणून दिल्यान कोणी? ज्याचो नीरफणस, तेना. आपल्या परड्यातला खणून. देऊन परत घरात गेलो आणि दार लावन बसलो, मी दारात येयपर्यंत."

त्या मुळाला अजूनही मातीचा वास होता. मी खाली बसलो आणि ते सारंगांपुढे ठेवणार, तेवढ्यात मला आठवले.

"चटई," मी म्हणालो. "फाटकी चटई कमरेला हवी."

"ऱ्हवांदे ती. तुमची पॅन्ट चांगली आसा."

"प्रक्रिया अपुरी राहता कामा नये!" मी ओरडलो. "उद्या कोणी म्हणेल माफी विधिवत झालीच नव्हती! उठा सगळे. चटई द्या."

सगळे उठले. अर्बाबसुद्धा काठी टेकत उठले आणि फरशीवर बाजूला उभे राहिले. निळी चटई माझ्या कमरेला गुंडाळण्यात आली. ती राहीना, तेव्हा मेकॅनिकने पाइपला गुंडाळायच्या काळ्या टेपने ती पक्की केली. पाला म्हणून न्हाव्याने कोरफडीचे एक पान तोडून माझ्या कानामागे खोचले. मग मी मान खाली घालून मूळ पुढे सरकवले. अठ्ठावन्न वर्षांत प्रथमच मला एकही परिच्छेद सुचत नव्हता.

सारंगांनी मुळाला हात लावला.

"ये क्या हुआ?" अर्बाबनी विचारले. "ये आदमी रूम खाली करेगा कि नहीं?"

"अर्बाब, खलास," सारंग म्हणाले. "मूल को हाथ लग गया. अभी वो बात कोई निकालेगा नहीं. तुम भी नहीं, मैं भी नहीं."

अर्बाबनी क्षणभर माझ्याकडे, माझ्या चटईकडे आणि कानामागच्या कोरफडीकडे पाहिले. मग सही केलेल्या तक्रारीची चौकोनी घडी करून त्यांनी ती न्हाव्याला दिली आणि जवळच्या उघड्या बरणीकडे काठीने खूण केली.

आम्ही पुन्हा गोल धरून बसलो, या वेळी नुसत्या फरशीवर. चटई माझ्या अंगावर होती. न्हाव्याने करवंटी भरली. सारंगांनी खाकरून पुकारा केला.

"भोंगा!"

मी दोनदा टाळी वाजवली. मीठ घालायचे राहिल्यामुळे नाचणी अळणी होती. त्याबद्दल कोणालाही पत्र न लिहिता मी ती एका दमात संपवली.